पालखीआधी घेतलेली पावडर

यंदाच्या शिमग्यात गावी माझी जी काही शोभा झाली, ती तिखटमीठ लावून तुमच्यापर्यंत पोचायच्या आत मीच सांगून टाकतो...

गाव रत्नागिरीपासून अर्ध्या तासावर. शिमग्याला देवाची पालखी खांद्यावर घेऊन नाचवायची, ही आमच्याकडे भक्ती तर असतेच, पण दमाची परीक्षाही असते. गेल्या वर्षी ढोल नीट रंगायच्या आत मी धापा टाकत बाजूला झालो. "दादा, ऑफिसात बसून बसून तू संपलास" असं भावकीतली पोरं तोंडावर म्हणाली. ते फार लागलं होतं मनाला.

म्हणून वर्षभर रत्नागिरीत मांडवीच्या किनाऱ्यावर रोज चाललो. वर जिमवाल्या मित्राने प्री-वर्कआउट पावडर दिली... एक चमचा पाण्यातून घे, थकवा येणारच नाही म्हणाला. शिमग्याच्या दिवशी वाटेतच मी विचार केला, पालखी जड असते, दोन घेऊ. डब्यावरचं बारीक अक्षर वाचायला चष्मा लागतो, आणि तो नाचताना पडेल म्हणून मी घरी ठेवला होता.

पालखी ज्या चौथऱ्यावर बसते, त्या सहाणेपर्यंत पोचलो आणि कान तापले. मग तोंडाला मुंग्या, मानेला खाज, छातीत धडधड... पालखी अजून जागची हललीही नव्हती आणि मी एकटाच उभ्या उभ्या थरथरत होतो.

शिमग्यात माणूस असा थरथरला की गावात त्याचा एकच अर्थ होतो. बायकांनी वाट करून दिली, कोणीतरी कपाळाला अंगारा फासला. आमची सुमनकाकी लंगडत पुढे आली, माझ्या पायाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायला लागली.

"बा देवा म्हाराजा, ह्या माज्या गुडग्याचा काय तो निकाल लाव..."

मागून सगळे एकसुरात, "व्हय म्हाराजा!"

खोटं कशाला बोलू, क्षणभर मोह झाला. गेल्या वर्षी हसलेली पोरंसुद्धा हात जोडून उभी होती हो! पण काकीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला फसवायची हिंमत होईना.

"काकी, अंगात देव नाय. पावडर हाय."

ढोलवाल्यांच्या हातातल्या काठ्या गळाल्या इतके ते हसले. आमचे मानकरी नाना मात्र हसले नाहीत. माझ्या छातीवर हात ठेवून बघितलं आणि म्हणाले, "आज तू खांदा द्यायचा नाय. गप बस." पाण्याचा तांब्या देऊन मला पायरीवर बसवलं... वर्षभर ज्याची वाट पाहिली ते गेलं. रडायचाच बाकी होतो.

काकी शेजारी येऊन टेकली. आता ऐकवणार, असं वाटलं. तर इकडेतिकडे बघून हळूच म्हणते, "मी पन दोन गोळ्या खाऊनच आलंय रे. नायतर चढन चढवत नाय."

दुखण्यावरच्या गोळ्या... मेडिकलमधून आणून, डॉक्टरला न विचारता, कित्येक वर्षं चालू! कान उपटायचा मला कुठला अधिकार, म्हणून तांब्या तिच्यापुढे केला.

एवढ्यात पालखी नाचत नाचत आमच्याकडेच वळली. तीच पोरं पायरीपाशी गुडघ्यांवर बसली आणि काकीला उठावं लागू नये म्हणून त्यांनी पालखी तिच्या हाताशी आणली. काकी रडली, मीही रडलो... आणि ते पावडरीमुळे नव्हतं.

डबा मित्राला परत केलाय. काकीला हाडांच्या डॉक्टरकडे मीच नेतो, गोळ्या आता ते सांगतील त्याच.

खांदा द्यायची हौस अजून आहेच. पण बसलेल्या माणसासाठी पालखी किती खाली वाकते, ते उभं राहून मला कधीच दिसलं नसतं.