लाल ओळी आणि माझी बॅग

आमचा कॉम्प्युटर तसा फारसा बिघडलेला नव्हता. मी तो दुरुस्त केला, मग बिघडला.

गेले काही दिवस तो संध्याकाळी मध्येच बंद पडायचा. एरवी चाललं असतं. पण त्या दिवशी पाच वाजता माझ्या बायकोची, स्मिताची, ऑनलाइन मुलाखत होती. मुलीपायी सोडलेली नोकरी इतक्या वर्षांनी पुन्हा धरायची, म्हणून सकाळपासून तिच्या घशाखाली चहासुद्धा उतरत नव्हता. मी मरोळच्या ऑफिसातून हाफ डे टाकून चारकोपला घरी आलो, नेहमीसारखी बॅग टेबलाखाली ढकलली आणि... फट्! स्क्रीन काळी!

"बघ," स्मिता म्हणाली, "तू येऊन बॅग टाकलीस की बंद पडतो."

(लग्न मुरलं की असली वाक्यं टोमणा म्हणूनच ऐकू येतात.)

"अंदाजपंचे बोलू नकोस गं! लॉग बघू." मी पुन्हा बटण दाबून तो सुरू केला. आपल्याला कधी काय झालं ते कॉम्प्युटर स्वतःच लिहून ठेवतो, तोच हा लॉग. उघडला. बाप रे! लाल ओळीच लाल ओळी!

"अण्णा, काय काय दाबलंत?" मी वडिलांवर घसरलो.

"मी हात लावूक नाय रे झिला! यूट्यूबार दशावताराचा नाटक बघलंय फक्त!"

ऑफिसात कुणाचं मशीन अडलं की मलाच हाक मारतात, त्यामुळे अंगात आलं होतं. दिसेल त्या लाल ओळीवर इलाज सुरू केला. हे काढ, ते उडव! शेवटी कॉम्प्युटरचं इंटरनेटच गेलं.

"झालं समाधान?" स्मिताचे डोळे भरले. "पाच वाजत आले रे!"

अण्णांनी लोणच्याची बरणी आणून टेबलावर ठेवली, स्मिताचा फोन बरणीला टेकवून दिला आणि मुलाखत फोनवर सुरू झाली. मी कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून गुपचूप जमिनीवर बसून लॉग पुन्हा वाचला, या वेळी शांतपणे. त्या गर्दीत एक ओळ सारखी येत होती: वीज अचानक तुटली. येत होती ती संध्याकाळी, माझ्या घरी यायच्या वेळेला. रविवारी कधीच नाही. आणि आज मात्र दुपारी!

टेबलाखाली वाकलो. बॅग एक्स्टेन्शन बोर्डाला टेकलेली, प्लग सैल, जरा धक्का लागला की हलणारा. मशीनने लिहिलं तेच बायको तोंडाने सांगत होती. फक्त ती लाल रंगात बोलली नव्हती.

तेवढ्यात फोनमधून प्रश्न आला, "घरून काम करताना तांत्रिक अडचण आली तर काय कराल?"

स्मिताने टेबलाखालून बाहेर राहिलेल्या माझ्या पायांकडे पाहिलं. "आधी मिस्टरांना बाहेर पाठवेन."

पलीकडे हशा पिकला. नोकरी तिथेच पक्की झाली, असं ती आजही सांगते. मी आता बॅग चपलांच्या रॅकवर ठेवतो आणि दारातूनच विचारतो, "येऊ का आत?"