ओळखीची

तालुक्याच्या दवाखान्यात मी समुपदेशक आहे. गुप्तरोगाचे पेशंट आधी माझ्या खोलीत येतात, आणि बहुतेकांची सुरुवात ठरलेली असते, "एका मित्राला त्रास हाय."

कामथडीचा हा टेम्पोवाला मात्र सरळ बोलला. जखम झाली होती, आपोआप भरली, तरी दाखवलेलं बरं. रक्त तपासलं तर गरमी निघाली, म्हणजे सिफिलिस. त्याला इंजेक्शन दिलं.

"निरोध वापरता?"

"व्हय तर! गाडीत ढीगभर हायेत."

"दर वेळी?"

"परक्या बाईकडं वापरतो. एकजणीकडं न्हाई. ती वळखीची हाय."

हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं. तिच्याकडे येणारे बाकीचेही तिच्या ओळखीचेच असतात, हे या लोकांच्या गावीही नसतं.

"घरी बायको?"

"सातवा लागलाय. परवाच वटी भरून पालीला म्हायेरी धाडली. तिचा पयला रिपोर्ट चांगला हुता."

"तुमची जखम त्यानंतरची आहे. तिला लागण झाली असेल तर बाळ पोटातच दगावू शकतं. आत्ता सुई दिली तर वाचू शकतं. घेऊन या तिला."

"वटी भरलेली बाई मदीच बाहेर काडली तर सासुरवाडी इचारंल की! सांगू काय?"

मी ओरडले. ओरडायचं नसतं, ओरडलं की पेशंट परत येत नाही. मी पुढे केलेलं निरोधाचं पाकीट टेबलावरच टाकून तो गेला.

फोनवर तीन दिवस "उद्या आणतो". मग फोन बंद. पाली काही लांब नव्हतं. वाटायचं, सरळ जावं आणि तिच्या दारात उभं राहावं. पण पेशंटचं गुपित त्याच्या परवानगीशिवाय फोडायचं नाही, हा नियम. नियम बरोबरच आहे. त्या आठवड्यात तो नियमच मला वैऱ्यासारखा वाटला. घरी मी सगळ्यांवर करवादत होते.

आठव्या दिवशी तो दारात आला, मागे ती. "ताकदीची सुई म्हणून आणलीय," तो माझ्या कानाशी कुजबुजला.

"खोटं सांगून इथं सुई मिळत नाही. तुम्हीच सांगा. मी बसते इथं."

फरशीकडे बघत त्याने सांगितलं. जखमेचं, बाईचं, ती ओळखीची होती म्हणून निरोध वापरला नाही तेही. ती रडली नाही. मला एवढंच म्हणाली, "बाळाचं कसं वो, ताई?"

तिच्याही रक्तात गरमी निघाली. "वेळेत आलात, आशा आहे," मी म्हणाले. खात्री देता येत नव्हती, याची मला लाज वाटली.

सुई घेऊन ती लंगडत परत आली. नवऱ्याला म्हणाली, "तुमी भाईर थांबा." मग टेबलावरचं निरोधाचं पाकीट तिने उचललं, कसं वापरायचं ते नीट विचारून घेतलं आणि पिशवीत टाकलं.

"त्यांच्या गाडीत आहेत की ढीगभर," मी म्हणाले.

"ती परक्यांसाटी, ताई. मी बी वळखीचीच हाय."