गेणूमामांचा मिस्ड कॉल

आधीच सांगते, मी अमावास्येला नखं कापणारी बाई आहे. इथले भुताखेतांचे अनुभव वाचताना मनातल्या मनात कारणं शोधत बसते — उंदीर असेल, वायरिंग असेल, नाहीतर सांगणाऱ्याचं जागरण. सर्व्हर सांभाळण्यात दहा-अकरा वर्षं गेली. मशीन रुसत नाही, त्याला कारण असतं... हे मी टीममध्ये नव्याने आलेल्या प्रत्येकाला ऐकवते. त्यामुळे पुढचं लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय.

गोष्ट २००६ ची. मी मूळची लातूरकडची. ऑफिस हिंजवडीला, खोली भाड्याने जांब्यात. आमच्या कंपनीचा सुट्या भागांचा कारखाना घोटावड्याच्या पुढे, भातखाचरांना लागून. तिथे एकच सर्व्हर. शुक्रवारी सकाळी ज्या गाड्या भरायच्या, त्यांच्या याद्या त्याच्यावर.

हा सर्व्हर ऑफिसात बसून सांभाळता यावा म्हणून एक सॉफ्टवेअर घेतलेलं. अशा सॉफ्टवेअरसोबत नोन इश्यूजची यादी येते — म्हणजे बनवणाऱ्यांना माहीत असलेली, पण अजून दुरुस्त न झालेली दुखणी. शेजारच्या रकान्यात वर्कअराउंड, म्हणजे तोवर चालवून घ्यायची युक्ती. यादीतलं सातवं दुखणं आमच्या वाट्याला आलं. वीज जाऊन आली की सर्व्हर अर्ध्यात थांबायचा, काळ्या पडद्यावर 'एफ वन दाबा' म्हणायचा आणि कोणी दाबेपर्यंत ढिम्म हलायचा नाही. युक्ती काय? तर जवळ जाऊन एफ वन दाबा. वा! मग लांबून सांभाळायचं सॉफ्टवेअर घेतलं कशाला?

गुरुवारी कारखान्याला सुट्टी आणि गुरुवारीच वीज बंद. ती तीनच्या सुमारास यायची. तेव्हा आवारात फक्त गेटवरचे गेणूमामा. वरच्या वाडीतले, साठीचे, हिरड्याच्या झाडावरून पडून एक पाय अधू झालेला. त्यांना मी सर्व्हर रूमची किल्ली दिली आणि कळ ओळखता यावी म्हणून एफ वनवर माझी लाल टिकली चिकटवली. दाबून झालं की त्यांनी गेटच्या फोनवरून मला एक रिंग द्यायची, मी उचलायचा नाही. मिस्ड कॉल आला म्हणजे काम फत्ते.

"उटवला बगा त्याला," मामा नंतर हसत सांगायचे. "लई झोपाळू हाय ताई तुमचा गडी."

माझ्या एक्सेल शीटमध्ये सातव्या ओळीत, वर्कअराउंडच्या रकान्यात, मी लिहून टाकलं — गेणूमामा.

मार्चमध्ये सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. त्यात हे दुखणं बरं झालं होतं. तिथे जाऊन ती टाकायला जेमतेम अर्धा दिवस लागला असता. मी म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात, चालतंय की... मग एप्रिल गेला, मे गेला. खरं कारण आळस, दुसरं काही नाही.

ऑगस्टमधल्या एका गुरुवारी तीन वाजता गेटवर फोन केला तर बदली गार्ड. मामा तापाने घरी, आणि किल्ली त्यांच्याकडेच. मी वाडीतल्या एकाच्या मोबाइलवर फोन लावून मामांना बोलावून घेतलं. आवाज अगदी खोल गेलेला.

"मामा, जमेल का हो? उद्या सकाळी गाड्या आहेत."

"जातो की. कळ दाबाया कितीसा येळ लागतोय?"

ताप किती आहे, हे मी विचारलं नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी मिस्ड कॉल आला. एक रिंग. माझ्या पडद्यावर सर्व्हर हिरवा झाला आणि मी निवांत खोलीवर गेले.

शुक्रवारी कळलं. मामा कारखान्यापर्यंत पोचलेच नव्हते. वाडीखालच्या ओढ्याजवळ दम खायला बसले ते उठलेच नाहीत. चारच्या आधीच तिथे माणसं जमली होती. किल्ली मामांच्या बंडीच्या खिशात सापडली.

बदली गार्ड शपथेवर सांगत होता, "म्याडम, आत कुनीबी ग्येलं न्हाई. कुलूप हाय तसं हाय. आन् फोनला मी हात न्हाई लावला."

लाइन क्रॉस झाली असेल, सर्व्हर आपोआप सुटला असेल... मी स्वतःला पटवलं. पुढच्या गुरुवारी ती किल्ली आणि कारखान्याच्या मॅनेजरकडून मागवून घेतलेली तिची जोडीची, दोन्ही माझ्या ड्रॉवरमध्ये होत्या. खात्री करायची म्हणून मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं. पाच वाजून दहा मिनिटांनी सर्व्हर हिरवा. एक रिंग. त्याच्या पुढच्या गुरुवारीही तेच.

भीती वाटलीच. पण त्याहून जास्त लाज वाटली.

मी वाडीवर गेले. मामी तांदूळ निवडत होत्या. मी रिंगचं सांगितलं, तर त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"बेस्तरवारी दिस कलला की उंबऱ्यापाशी वली पावलं दिसत्यात. येक नीट, येक फरफाटल्यालं," त्या म्हणाल्या. "ताईनं काम सांगितलंय, येवडंच त्यांना ठावं हाय. माज्या म्हनन्यानं न्हाई थांबायचे. तुमी सांगा त्यांना."

त्यानंतरच्या गुरुवारी वीज आल्या आल्या मी कारखान्यात होते. बदली गार्डला सोबत घेऊन कुलूप काढलं. टिकलीवर वाळल्या चिखलाचा अंगठा होता... आधीचाही असेल, पावसाचेच दिवस ते. एफ वन मी दाबला. नवी आवृत्ती टाकली. मग मुद्दाम प्लग काढून पुन्हा लावला. न थांबता, कोणाची वाट न बघता सर्व्हर सुरू झाला.

पाच वाजून दहा मिनिटं. माझा मोबाइल वाजला. पडद्यावर — गेट, घोटावडे.

गार्ड माझ्या शेजारी उभा. खिडकीतून समोर गेटची केबिन दिसत होती, रिकामी. फोन आपल्या जागी, रिसीव्हर त्याच्यावर.

एक रिंग झाली. दुसरी झाली. तिसरी... थांबेना. तो फोन मी कधीच उचलला नव्हता. उचलला.

पलीकडे वाहत्या पाण्याचा आवाज, आणि चालून आलेल्या माणसाला लागते तशी धाप.

"मामा," मी म्हटलं, "झालं काम. तो आता आपला आपण उठतो. तुम्ही नका येऊ." मग मला रडू फुटलं. "तापात बोलवायला नको होतं हो मी तुम्हाला. चुकलं माझं. घरी जा."

धाप हळूहळू शांत झाली. मग रिसीव्हर अलगद ठेवल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवसापासून गार्ड कामावर आला नाही.

त्यानंतर कधी रिंग आली नाही. मामींच्या उंबऱ्यावरची पावलंही थांबली. फोनवाल्यांना विचारलं, सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं. कळ दाबल्याशिवाय तो पडदा पुढे सरकूच शकत नाही, असं त्यांनी लेखी कळवलं. चार वर्षं झाली, कारण अजून सापडलेलं नाही.

त्या शीटमधली सातवी ओळ मी ठेवली आहे. दुरुस्त झालेलं दुखणं यादीत कशाला, असं नवीन लोक विचारतात. मी त्यांना एवढंच सांगते, की त्या रकान्यात माणसाचं नाव लिहायचं नाही.