तोरणाखालचा जवाब

तोरणाखाली बैल ताटकळले होते आणि आमचे सर झडत्यांची छाटणी करत होते. लोकसंस्कृतीच्या त्या प्रोजेक्टवर मी रिसर्च असिस्टंट होते. आर्णीजवळचं गाव, पोळ्याचा दिवस, माझ्या हातात रेकॉर्डर.

झडती म्हणजे पोळ्यात एका बाजूनं दुसऱ्या बाजूला यमक जुळवून हाणलेला टोमणा. शेवटी सगळे मिळून महादेवाचा गजर करतात. मग समोरच्यानं उत्तर द्यायचं. त्या गावात उत्तर आल्याशिवाय तोरण तुटत नसे, आणि तोरण तुटल्याशिवाय बैल हलत नसत.

कापसाचे दिवस वाईट होते, त्यामुळे निम्म्या झडत्या भावावरच्या. सरांना त्या नको होत्या. पुस्तकात फक्त पारंपरिक घ्यायच्या, म्हणाले. लोक पोटतिडकीनं म्हणत होते नेमक्या त्याच आम्ही गाळणार, याचं मला वाईट वाटलं. तसं बोलून पाहिलं, तर मेथडॉलॉजी पुन्हा वाचायला सांगितलं.

हे गावातल्या नामाभाऊंच्या कानावर गेलं. झडती म्हणण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. ते शांतपणे सरांसमोर येऊन उभे राहिले.

"नागपूरचे साहेब आले, जुनं शोधून राह्यले,
कापसाचा भाव काढला, अन् चष्मा पुसून राह्यले."

अख्खं गाव हसलं. सर खरोखरच चष्मा पुसत होते. मीच गावात सांगितलं असं सरांना वाटणार, माझी नोकरी गेली, असं मी धरून चालले. सर जायला वळले, तर नामाभाऊंनी अदबीनं वाट अडवली.

"जवाब द्या लागते साहेब. बैल उभे हायेत."

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग आमच्या शुद्ध मराठीच्या पुतळ्यातून भलताच आवाज आला.

"म्हागावच्या काट्यावर बंडीत काढली रात,
ग्रेडर म्हणे कवडी कापूस, बाप चोळे हात."

बंडी म्हणजे बैलगाडी, ग्रेडर म्हणजे खरेदी केंद्राच्या वजनकाट्यावर कापसाची प्रत ठरवणारा. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला कापूस. सर मूळचे महागावचे, हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. क्षणभर कुणी हसलं नाही. मग गजर झाला, तोरण तुटलं, बैल सुटले.

परतताना जीपमध्ये सर म्हणाले, कापसाच्या सगळ्या घ्या, वेगळं प्रकरण करा. मी विचारलं, "सर, तुमच्या झडतीखाली नाव काय टाकू?"

"पारंपरिक. कर्ता अज्ञात."

तशीच छापली. तेव्हापासून कुठल्याही संग्रहात 'कर्ता अज्ञात' दिसलं, की मी आधी संपादकाचं गाव कोणतं ते पाहते.