धनाला काय म्हणायचं होतं

मंगळवार, ६ जून २०२३. सकाळी १०.४० ला धनाला घेऊन डॉ. व्यंकटरमण यांच्याकडे. नंबर सातवा. गुडघे दोन्ही दुखतात, डावा जास्त. वजन ५१, फेब्रुवारीपेक्षा दोन किलो कमी. रक्तदाब १४०/९०. कॅल्शियमच्या गोळ्या, मलम. डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही त्रास? नाही. परतताना ऊन फार. घरी येऊन लिंबूभात केला.

चंद्रमतीची डायरी अशीच असे. कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरनी लावलेली सवय, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात नोकरीला असलेल्या नवऱ्याने शिकवलेली देवनागरी. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली, पण एक दिवस कोरा गेला नव्हता. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या मराठी घरांत कुणाला डॉक्टरकडे जायचं असलं की पहिली हाक तिला. इंग्रजी बोलायची, औषधांची नावं पाठ, मागच्या खेपेला काय झालं ते तारखेसकट सांगायची. डॉ. व्यंकटरमणही तिला पाहिलं की खूश होत. "तुम्ही आलात म्हणजे माझं निम्मं काम झालं, अम्मा," असं म्हणत आणि पेशंटऐवजी तिच्याकडे वळून बसत.

धनलक्ष्मी तिची धाकटी जाऊ. पापनाशमजवळच्या एका खेड्यातून एकोणिसाव्या वर्षी सून होऊन आली, तेव्हा तिला शहरातल्या रस्त्याचं भय वाटे आणि सासूचं वाटत नसे. नकला करण्यात तिचा हात कुणी धरला नसता. दूधवाला, पुजारी, दीर-नणंदा, कुणी सुटलं नाही. नवरा तुकोजी बस डेपोत होता. तो गेल्यावर मुलगा मुरली कोइंबतूरला नोकरीला गेला आणि धना शेजारच्या दोन खोल्यांत एकटी राहू लागली. सकाळची कॉफी मात्र रोज अक्काकडे. अक्का म्हणजे चंद्रमती.

आणि एवढं सगळं असूनही बेचाळीस वर्षांत ती अक्काच्या बरोबरीने खुर्चीवर बसली नव्हती. अक्का खुर्चीवर, धना उंबऱ्यावर नाहीतर पाटावर. कुणी तशी सक्ती केली नव्हती. त्या घरात थोरल्या जावेसमोर अंगाचं काही बोलायचं नाही, एवढंच होतं. मुरलीच्या वेळी दिवस राहिले तेही तिने आधी शेजारणीला सांगितलं, शेजारणीने सासूला, आणि सासूने चंद्रमतीला. गुडघा, डोकं, दात चालत. त्यापलीकडचं शरीर जणू कुणाला नव्हतंच.

दवाखान्यातही तसंच. चंद्रमती डॉक्टरांसमोर, धना अर्धं पाऊल मागे, पदर दोन्ही खांद्यांवर. सप्टेंबरात डॉक्टरांनी एकदा थेट तिलाच विचारलं, "तुम्ही सांगा, काय होतंय?"

धना हसली. "अक्का सांगतील."

"दुखणं तुमचं की अक्कांचं?"

"दुखणं माझं, पण हिशेब त्यांच्याकडे," धना म्हणाली, आणि तिघंही हसले.

घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "अक्का, तुमच्या डायरीत माझे गुडघेच आहेत. मी कुठेच नाही."

"तू एवढी बडबड करतेस, ती लिहायला वही पुरायची नाही," चंद्रमती म्हणाली. तिला ते उत्तर चांगलं वाटलं होतं.

नोव्हेंबरात धनाला जिना चढताना दम लागू लागला. डॉक्टरांनी ईसीजी काढायला सांगितलं. त्या छोट्या खोलीत नर्स होती अलमेलु, पन्नाशीची, तोंडाने फटकळ. "ब्लाऊज काढायला लागेल. तुम्ही बाहेर बसा, अम्मा."

"मी बरोबर आहे ना. तिला भीती वाटेल."

"भीती मी बघते. बाहेर."

दार लागलं. चंद्रमतीने घड्याळ पाहिलं, कारण ती नेहमी पाहत असे. चार मिनिटांनी दार उघडलं. अलमेलुचा आवाज खाली आला होता.

"अम्मा, ती गाठ किती महिन्यांची आहे?"

"कसली गाठ?"

अलमेलुने तिच्याकडे नीट पाहिलं. "छातीत. लिंबाएवढी. कातडी ओढली गेलीय. त्या सांगतात मे महिन्यापासून."

धना आत टेबलावर बसून ब्लाऊजचे हूक लावत होती. चंद्रमती आत गेली तशी तिने पाठ फिरवली.

दोघी घरी आल्या. मग पाटावर बसलेल्या धनाला चंद्रमतीने विचारलं, "ज्या बाईला तू चार मिनिटं ओळखतेस, तिला सांगितलंस. मला नाही?"

"तुमच्यासमोर ते कसं सांगायचं, अक्का?"

"मग डॉक्टरांना सांगायचंस."

"तिथे तुम्ही असायच्यात."

"मी बाहेर थांबले असते गं!"

धनाने मान वर केली. "तुम्ही बाहेर थांबा, असं मी तुम्हाला म्हणायचं?"

 त्या दुपारी चंद्रमतीने कपाटातून वही काढली आणि जूनचं पान उघडलं. आणखी काही त्रास? नाही. तो 'नाही' कुणी म्हटला होता ते पानावर नव्हतं, पण तिला आठवत होतं. डॉक्टरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ती स्वतः म्हणाली होती. ऑगस्टमध्ये, सप्टेंबरात, ऑक्टोबरातही तीच म्हणाली होती. मागे अर्धं पाऊल उभ्या असलेल्या बाईकडे एकदाही वळून न बघता.

पुढचं सगळं भराभर झालं. मोठं हॉस्पिटल, तपासण्या, स्कॅन. कॅन्सर यकृतात गेला होता, पाठीच्या कण्यातही. डॉ. अखिला नावाची तरुण डॉक्टर होती. तिने मुरलीला समोर बसवून सांगितलं, सहा महिन्यांपूर्वी आली असती तर गोष्ट वेगळी असती. मुरलीने वळून चंद्रमतीकडे पाहिलं. मग उठून तिला खुर्ची दिली. चांगला मुलगा होता.

केमोच्या चार खेपा झाल्या. धनाचे केस गेले. "आता पुजारी माझी नक्कल करेल," ती म्हणाली. मग तीही थट्टा बंद झाली, कारण तोंडात फोड आले होते आणि हसताना दुखे. मार्चमध्ये नवा स्कॅन आला. उपयोग झाला नव्हता. अखिलाने दुसरं औषध सुचवलं: पंधरा-पंधरा दिवस हॉस्पिटलात राहायचं, मिळाले तर दोन-तीन महिने जास्त. की थांबायचं? मुरलीने फोनवर सांगितलं, थांबायचा प्रश्नच नाही. अखिला म्हणाली, मला त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे.

१२ मार्चला दोघी गेल्या. चंद्रमतीने आदल्या दिवशी कागदावर नऊ मुद्दे लिहून ठेवले होते: झोप, उलट्या, पाठ, भूक, सगळं क्रमाने. नाव पुकारलं. धना भिंतीला धरून उठली आणि सवयीने मागे सरली, अक्का पुढे जातील म्हणून.

चंद्रमती बाकावरून उठली नाही.

"या ना अक्का."

"तू जा. मी इथे बसते."

"मला काय बोलता येणार? तुम्ही लिहून आणलंय ना?"

"ते माझं आहे," चंद्रमती म्हणाली. कागद तिने पर्समध्येच ठेवला. "तुला म्हणायचं आहे ते म्हण. मला नंतर सांगितलं नाहीस तरी चालेल."

धनाने पदर दोन्ही खांद्यांवर ओढला. मग आत गेली. दार लागलं.

चंद्रमतीला वाटत होतं उठावं. पाठीचं दुखणं उजवीकडे आहे हे धना सांगायला विसरेल. गोळीने चक्कर येते तेही. दोनदा तिने बाकाच्या कडेला हात टेकून अंग उचललं आणि पुन्हा टेकलं. समोर एक म्हातारा नातीच्या मांडीवर पाय ठेवून झोपला होता. आतून काही ऐकू येत नव्हतं.

धना बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, चेहरा मात्र मोकळा. मागोमाग अखिला आली. "त्यांना हॉस्पिटल नको आहे, अम्मा. घरी राहायचं आहे. दुखणं कमी ठेवायची औषधं देते. आठवड्याला नर्स येईल." मग म्हणाली, "छान बोलल्या. गावाकडच्या कालव्याचं, सगळं सांगितलं मला."

कुठल्या कालव्याचं, हे चंद्रमतीला माहीत नव्हतं.

रिक्षात धना तिच्या शेजारी बसली. नेहमीपेक्षा जवळ. वेल्लाळर गल्लीच्या वळणावर म्हणाली, "विचारलं नाहीत तुम्ही."

"नाही."

"एक काम करा अक्का. मुरलीला तुम्ही सांगा. ते मात्र मला जमायचं नाही."

फोनवर मुरली थोरल्या काकूवर ओरडला. "पेरियम्मा, तुम्ही आत का गेला नाहीत? तुम्ही असता तर तिने ऐकलं असतं!"

"हो," चंद्रमती म्हणाली. "मी असते तर ती हो म्हणाली असती. म्हणून गेले नाही."

 मग मुरली म्हणाला, शुक्रवारी येतो.

संध्याकाळी तिने वही उघडली, तारीख घातली, हॉस्पिटलात जायची-यायची वेळ लिहिली. आत काय बोलणं झालं, त्यासाठी ओळ सोडली नाही. खाली लिहिलं: धना घरीच राहणार. तिचं अंथरूण माझ्या खोलीत आणलं. ताकभात अर्धी वाटी खाल्ला. गॅसची टाकी सहा वाजता संपली, दुसरी लावली.