बिब्ब्याची नोंद

पवनानगरच्या अलीकडच्या एका गावात मी अठरा वर्षं अंगणवाडी सेविका आहे. दर महिन्याला मुलांची वजनं करते ती अंगावरचे कपडे काढून. स्वेटर आणि खिशातल्या गोट्यांसकट वजन केलं की अशक्त पोरही कागदावर धष्टपुष्ट होतं. त्यामुळे गावातल्या प्रत्येक लहान पोराची पाठ मला पाठ असते.

मागे एकदा थंडीत साडेपाच वर्षांच्या एका मुलीच्या घोट्याजवळ दोन काळे व्रण दिसले. आई न्यायला आली तेव्हा विचारलं.

"बिब्बा उतलाय, बाई. पाय मुरगळला हुता."

आमच्याकडे बिब्ब्याचा मान अजून गेलेला नाही. पाय मुरगळला, काटा मोडला, की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायचा आणि सुटलेल्या तेलाचे ठिपके दुखऱ्या जागी द्यायचे. एखाद्याला ते सोसत नाही, कातडी भाजल्यासारखी होते. त्याला बिब्बा उतणं म्हणतात. मलाही लहानपणी उतला होता. मी आईला चार शब्द सुनावले, "लेकराला कसला बिब्बा लावतीस? दवाखाना काय लांब हाय का?" आणि वजनाच्या रजिस्टरात शेरा लिहिला: बिब्ब्याची जखम, पालकांना समज दिली. खाली सही केली.

पुढच्या महिन्यात तिच्या खांद्यामागे तीन व्रण होते. तिन्ही गोल, शर्टाच्या बटणाएवढे. मी चष्मा लावून पाहिलं. बिब्बा पसरतो, त्याला पाणी सुटतं, कडा विस्कटतात. तीन जागी उतून तिन्ही जागी बटणाएवढाच राहिलेला बिब्बा मी पाहिलेला नाही. आणि खांद्यामागे काय मुरगळतं?

पोराच्या तोंडात आपण उत्तर घालायचं नाही, एवढं प्रशिक्षणातलं लक्षात होतं. म्हणून नुसतं विचारलं, "हे काय झालं गं?"

"बाबांनी लावलं."

"काय लावलं?"

"बिडी. मी पाणी सांडलं ना." मग मागे पातेल्याकडे बघत, "आज खिचडीत वटाणे हायेत?"

वटाणे होते. तिला वाढलं, मदतनीसबाईंना मुलांपाशी बसवलं आणि मागच्या पडवीत जाऊन मुलांच्या हेल्पलाईनला फोन लावला. हे मी मुद्दाम सगळ्यांत आधी केलं, कारण मला माझं गाव माहीत आहे.

गावात एक बाल संरक्षण समिती आहे. सरपंच अध्यक्ष, पोलीस पाटील सदस्य आणि अंगणवाडी सेविका म्हणून मी सचिव. आजवर तिच्या सभा म्हणजे चहा घेता घेता केलेल्या सह्या. त्या दुपारी ती पहिल्यांदा खरोखर भरली. मुलीचा बाप धरणाकाठी कॅम्पसाईटवर तंबू ठोकायच्या कामाला. गोड बोलणारा, कुणाच्याही लग्नात वाढायला पुढे. शिवाय पोलीस पाटलांच्या भावकीतला.

"बाप हाय तो," पाटील म्हणाले. "पोरांना धाक नको व्हय? आमच्या आबानं आमाला आसूडानं फोडलंय. मेलो का आमी?"

"मेला न्हाई, पण आबाचा आसूड अजून सांगताय ना," मी म्हटलं. कोपऱ्यात बसलेला ग्रामपंचायतीचा शिपाई हसला आणि पाटलांनी बघताच खोकला.

सरपंचांनी तोडगा काढला. बापाने भैरवनाथाच्या देवळात बेलभंडारा उचलायचा, पुन्हा हात लावणार नाही म्हणून शपथ घ्यायची, की विषय मिटला. बेलभंडारा उचलून खोटं बोलायला आमच्याकडे भले भले घाबरतात. बांधाची भांडणं त्यावर मिटलेली मी पाहिली आहेत.

"त्याची शपथ खरी का खोटी, ते कळणार कसं?" मी विचारलं. "पुढच्या महिन्यात पोरीची पाठ बघून?"

मग मी सांगितलं की फोन करून झालाय, माणसं निघाली आहेत. सरपंच उठून उभे राहिले. "बाई, आधी गावाला इचारायचं हुतं. आता गावाचं नाव जानार."

"जाऊ द्या. पोरगी राहू द्या."

संध्याकाळच्या आत हेल्पलाईनचे दोघं आणि एक महिला पोलीस आले. मुलीला ग्रामीण रुग्णालयात नेलं, सोबत आई आणि मी. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी प्रत्येक व्रण मोजपट्टीने मोजला, कागदावर पाठीचं चित्र काढून त्यात भरला. मला ते काम आवडलं. दोन दिवसांनी पुण्यात बालकल्याण समितीपुढे जायचं होतं, तोवर मुलगी रुग्णालयातच राहणार होती. मुलीने कुठे राहायचं हे तिथे ठरणार होतं.

आदल्या दिवशी आमच्या पर्यवेक्षिकांचा फोन आला. आधी त्यांना न विचारता फोन केल्याबद्दल बोलणी, मग हळू आवाजात, "ते रजिस्टरचं मागचं पान नीट करून ठेवा."

नीट करणं म्हणजे काय ते मला कळलं. पान काढून बघत बसले. एक ओळ खोडून वर दुसरी लिहायला किती वेळ लागतो? पण खाडाखोड केलेलं रजिस्टर मी स्वतः कुणाचं खरं मानलं नसतं. तसंच पिशवीत टाकलं.

समितीपुढे आई मान खाली घालून एकच म्हणत राहिली, बिब्बा उतलाय. सदस्यांपैकी एका बाईंनी माझं रजिस्टर उलटवलं. "सेविकाताई, गेल्या महिन्यात तुम्हीही बिब्बाच लिहिलंय."

पोरगी त्या घरात परत जाणार असली तर ती माझ्या अक्षराच्या जोरावर जाणार होती.

"चूक लिहिलंय," मी म्हटलं. "आईचं ऐकून लिहिलं. जखम बघून लिहिलं नाही. या महिन्याचं बघून लिहिलंय." आणि बिब्बा कसा पसरतो ते सगळं सांगितलं. बाईंनी डॉक्टरांचा कागद आणि माझं रजिस्टर शेजारी शेजारी ठेवून सावकाश वाचलं. मुलीला तूर्त कुरवंड्याला, आईच्या आईकडे ठेवायचं ठरलं. बापावर गुन्हा दाखल झाला. मला कार्यालयाकडून खुलासा मागणारं पत्र आलं. खुलासा दिला.

महिन्याभराने बाप जामिनावर सुटून आला. लगेचच एका सकाळी मुलीची आई अंगणवाडीच्या दारात उभी राहिली. बाहेर रस्त्यावर तो मोटारसायकलवर बसलेला. तिच्या हातात टाईप केलेला अर्ज होता: घरातलं वातावरण सुधारलं आहे, मुलीचा ताबा परत मिळावा, गाव समितीची शिफारस आहे. सरपंचांची सही होती, पाटलांची होती. सचिवाची जागा मोकळी.

ती आत आली. अर्ज माझ्यापुढे ठेवला आणि वर न बघता पुटपुटली, "सही करू नका, बाई. पर म्या म्हनलं आसं सांगू नका."

मी तिच्याकडे बघितलंही नाही. अर्ज उचलला, दारात गेले आणि रस्त्यापलीकडच्या पिठाच्या गिरणीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "नाही करत सही! चार येळा सांगितलं तुला! काय करायचं ते करा!"

तो मोटारसायकलवरून उतरला. गिरणीतल्या बाया बाहेर आल्या होत्या, त्यांच्याकडे बघून तो तिथेच थांबला. तेवढ्यात मागून तिचा आवाज चढला, "लय शानी समजती सोताला! लोकांची घरं मोडती! पोटचं पोर न्हाई वाटतं हिला!"

इतका जोर तिच्या आवाजात मी कधी ऐकला नव्हता. शिव्या देत देतच ती त्याच्यामागे गाडीवर बसली. गाडी वळणापलीकडे गेली तरी ऐकू येत होतं.

गिरणीतल्या एकीने विचारलं, "बाई, एवढं ऐकून घेतलं?"

"घेतलं," मी म्हटलं.

आत येऊन अर्जावर लिहिलं: शिफारस नाही. शिक्का मारला, सही केली आणि दुपारच्या जीपने अर्ज स्वतः वडगावला, तालुक्याच्या बालविकास कार्यालयात नेऊन दिला.