पडद्याखालची पावलं

शाळेतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीचा पडदा वीतभर आखूड आहे. काल त्याखाली दोन पावलं दिसली. समोर बसलेल्या सातवीतल्या ईशानं नेमकं तेव्हाच विचारलं, "इथलं बाहेर जात नाही ना, बाई?"

आता हो कसं म्हणू?

"आई आहे ती," ईशा कुजबुजली. "मला कळलंय हे तिला सांगू नका." मग मोठ्यांदा म्हणाली, "घरी सगळं मस्त आहे!"

पावलं समाधानानं निघून गेली, आणि ईशा खरं बोलू लागली. काय, ते विचारू नका.

शाळा सुटल्यावर आई हळूच म्हणाल्या, "मी ऐकत होते, हे तिला सांगू नका हं."

त्यांनाही शब्द दिला.

पडदा लांब करून घेणार होते, पण नको. या खोलीत काही न लपवणारा तो एकटाच आहे.